शेवटचा हात

आमच्या आत्याला कमी ऐकू येते. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने ती रुग्णालयात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, खिडकीतून गार वारा येतो म्हणून तिला दाराजवळच्या खाटेवर हलवले. रात्री साडेनऊच्या सुमारास सिस्टर ट्रे घेऊन आल्या, एक नाव घेऊन "...बाई ना?" असे विचारले, आणि आत्याने हसून "हो हो" म्हटले. ऐकू न आलेल्या प्रत्येक प्रश्नाला ती हेच उत्तर देते. ते नाव तिचे नव्हते. सकाळपर्यंत त्या खाटेवर असलेल्या दुसऱ्या बाईंचे होते. सिरिंजमध्ये इन्सुलिन होते आणि आत्याला मधुमेह नाही.

मी शेजारी स्टुलावर बसलो होतो म्हणून "अहो" म्हणालो. सिस्टरचा हात थांबला. दहा मिनिटांनी त्या परत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, कुणाला सांगू नका. माझी नोकरी जाईल." मी सांगितले नाही. त्या रात्री त्या एकट्या चौतीस रुग्णांचे पाहत होत्या, हे मला सकाळी कळले.

मी वैद्यकीय क्षेत्रातला माणूस नाही. पण त्या रात्रीचे दोन प्रश्न माझ्या डोक्यातून गेले नाहीत. ती चूक नेमकी कुणाची होती? आणि मी गप्प राहिलो, त्याने कुणाचे भले झाले? या दोन प्रश्नांच्या मागे लागून जे वाचले, परिचारिकांशी बोलून जे समजले, ते इथे मांडतो आहे.

परिचर्येच्या प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्याच वर्षी एक सूत्र पाठ करायला लावतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे 'पाच योग्य'. पुढे त्यात योग्य नोंद आली, योग्य कारण आले, रुग्णाचा नकार देण्याचा हक्क आला, आणि आता काही पाठ्यपुस्तकांत ही यादी दहापर्यंत गेली आहे. सूत्रात चुकीचे काही नाही. पण ते काय साधायचे एवढेच सांगते, कसे साधायचे ते सांगत नाही. औषधोपचारातील चुकांचा अनेक दशके अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील 'इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस' या संस्थेनेही हेच म्हटले आहे, की पाच योग्य ही उद्दिष्टे आहेत, कार्यपद्धती नव्हे. सिस्टरना 'योग्य रुग्ण' ठाऊक नव्हता असे नाही. त्यांनी नाव विचारलेसुद्धा. फक्त प्रश्न असा विचारला, की त्याचे उत्तर 'हो' येऊ शकत होते.

इथे एक साधी गोष्ट सांगण्यासारखी आहे. "तुम्ही अमुक ना?" असे न विचारता "तुमचे पूर्ण नाव सांगा" असे विचारायचे, आणि ते नाव व नोंदणी क्रमांक केस पेपरशी आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचे. दोन खुणा जुळल्याशिवाय औषध द्यायचे नाही, आणि खाटेचा क्रमांक ही खूण मानायची नाही, कारण खाट बदलते. आपल्याकडे मात्र वॉर्डाची भाषाच खाटांची आहे. "सहा नंबरच्या आजोबांचे सलाईन", "बारा नंबरला सुई". प्रेमाने बोलतात, आजोबा-काकू म्हणतात, पण नाव गळून पडते.

सिस्टरच्या हातात सिरिंज येते तोवर औषधाने बराच प्रवास केलेला असतो. डॉक्टर लिहितात, कोणीतरी ते ट्रीटमेंट शीटवर उतरवते, औषधांच्या दुकानातून नातेवाईक पिशवी आणतो, आणि मग अँप्यूल फुटते. प्रत्येक टप्प्यावर चूक शिरू शकते. इंग्रजीत 'युनिट' या शब्दासाठी 'यू' हे एकच अक्षर लिहायची जुनी सवय आहे. घाईत लिहिलेला तो 'यू' शून्यासारखा दिसतो आणि ४ युनिटचे ४० होतात. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांशचिन्हाआधी शून्य टाकले नाही तर ठिपका पुसट होऊन ५ वाचले जातात, आणि एक लिहिताना ठिपक्यापुढे उगाच शून्य टाकले तर १० होतात. डॉक्टरांनी औषधाचे नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये अधिसूचित झाला. तो किती पाळला जातो, हे प्रत्येकाने आपापल्या घरातल्या चिठ्ठ्या काढून पाहावे.

नावांचा घोळ त्याहून मोठा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर अस्थिमज्जा निकामी होऊन माणूस दगावू शकतो. त्याच रुग्णाला सोबत फॉलिक आम्लाची गोळीही देतात. आता आपल्या बाजारात मेथोट्रेक्सेटचे एक नाव फोलिट्रॅक्स आहे आणि फॉलिक आम्लाचे एक नाव फोलव्हाइट. दोन्ही एकाच डब्यात, दोन्ही 'फोल'ने सुरू होणारी, एक आठवड्याची आणि एक अधिक वेळा घ्यायची. ही अदलाबदल व्हायला निष्काळजी माणूस लागत नाही.

अशा चुका किती होतात, हे मोजण्याचा पहिला प्रामाणिक प्रयत्न अमेरिकेत केनेथ बार्कर आणि वॉरन मॅकॉनेल या औषधशास्त्रज्ञांनी केला. १९६२ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालयात चुकांची लेखी नोंद करण्याची पद्धत तेव्हाही होती. या दोघांनी त्या कागदांवर विसंबण्याऐवजी परिचारिका औषधे देत असताना शेजारी उभे राहून पाहिले, आणि दिलेली मात्रा मूळ लेखी सूचनेशी ताडली. प्रत्यक्ष निरीक्षणात सापडलेल्या चुका लेखी नोंदींच्या कित्येक पट निघाल्या. बहुतेक चुका करणाऱ्याला कळलेल्याच नव्हत्या, आणि ज्या कळल्या त्या लिहिण्यात कुणाचा फायदा नव्हता. "कुणाला सांगू नका" हे वाक्य एका रात्रीचे नाही, हे मला हे वाचताना समजले.

आता अशा एका औषधाविषयी थोडे सविस्तर, कारण सगळा प्रश्न त्याच्यात एकवटलेला आहे. पोटॅशियम क्लोराइड. जुलाब-उलट्यांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या औषधांनी शरीरातले पोटॅशियम घटते, तेव्हा ते शिरेतून द्यावे लागते. आपल्याकडे ते १० मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये मिळते. प्रत्येक मिलिलिटरमध्ये १५० मिलिग्रॅम, म्हणजे एका अँप्यूलमध्ये दीड ग्रॅम. सलाईनच्या मोठ्या बाटलीत मिसळून, बाटली नीट हलवून, तासन्‌तास थेंबाथेंबाने दिले तर ते जीव वाचवते. तेच अँप्यूल सिरिंजमध्ये भरून सरळ शिरेत सोडले तर हृदयाचे ठोके थांबतात. अमेरिकेतील काही राज्यांत देहदंडाच्या इंजेक्शनांत हेच द्रव्य शेवटचे म्हणून वापरले गेले आहे. आणि दिसायला ते कसे? पाण्यासारखे. शेजारच्या खणात ठेवलेल्या इंजेक्शनच्या पाण्यासारखे, सलाईनच्या छोट्या अँप्यूलसारखे.

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संयुक्त आयोगाने १९९८ मध्ये गंभीर दुर्घटनांवरची आपली इशारापत्रे सुरू केली, तेव्हा पहिलेच पत्र याच औषधावर होते. त्यांच्यापुढे आलेल्या दहा मृत्यूंपैकी आठ मृत्यू घट्ट द्रावण सरळ दिल्याने झाले होते, आणि त्या आठांपैकी सहांमध्ये पोटॅशियमला दुसरेच औषध समजले गेले होते, मुख्यतः वेष्टन आणि लेबल सारखे असल्यामुळे. यावर 'परिचारिकांनी लेबल तीनदा वाचावे' असा उपाय सांगता आला असता. तो आधीच सांगितलेला होता. आयोगाने सांगितले, की घट्ट पोटॅशियम वॉर्डात ठेवूच नका. ब्रिटनमध्येही २००२ मध्ये तशीच सूचना निघाली. सर्वसाधारण वॉर्डांतून अँप्यूल काढा, आधीच पातळ केलेल्या पिशव्या पुरवा, आणि जिथे अँप्यूल लागतेच तिथे ते कुलपात वेगळे ठेवा.

मला यात फार मोठी गोष्ट दिसते. रात्री तीन वाजता दमलेला हात खणात जाणारच. त्या खणात काय असेल, हे मात्र दिवसाढवळ्या, टेबलाशी बसलेल्या माणसांनी ठरवलेले असते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ च्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात किरकोळ व्यवस्थापन अशा अर्थाच्या नावाचे एक प्रकरण आहे. आपण हजर असताना जे करतो ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणे, हा त्याचा गाभा. नाइटिंगेलबाईंचा कंदील सर्वांना ठाऊक आहे. हे प्रकरण फारसे कुणी वाचत नाही.

आणि दमलेला हात म्हणजे नुसता थकवा नव्हे. जोहाना वेस्टब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांना औषधे देताना पाहिले, एकूण ४,२७१ वेळा. २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक वेळा मध्ये कुणीतरी व्यत्यय आणला होता. व्यत्यय नसतानाही चारातल्या एका खेपेला औषधात काहीतरी चूक होतीच. तीन व्यत्यय आले की ते प्रमाण जवळपास ३९ टक्क्यांवर गेले. सगळ्याच चुका जीवघेण्या नव्हत्या, बहुतेक किरकोळ होत्या. पण चार व्यत्ययांनंतर गंभीर चुकीची शक्यता दुप्पट झाली.

हे आकडे वाचताना मला आपले वॉर्ड आठवले. सिस्टर औषध भरत असतात आणि आपण, हो आपणच, जाऊन सांगतो, "सिस्टर, सलाईन संपत आले", "सिस्टर, पंखा लागत नाही", "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार सर्वसाधारण वॉर्डात वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. चौतीस रुग्ण आणि प्रत्येकामागे एक नातेवाईक, हा हिशेब त्या मानकात कुठेच बसत नाही. परदेशांत यावर 'औषध देत आहे, व्यत्यय नको' असे लिहिलेली जाकिटे परिचारिकांना घालून पाहिली. वेस्टब्रुक यांनीच त्याचीही चाचणी घेतली. व्यत्यय घटले, पण जाकीट गरम होते, घालण्यात वेळ जातो, अशा तक्रारी आल्या, आणि ते कायम चालू ठेवायला निम्म्याहून कमी परिचारिका तयार होत्या. मला याचे नवल वाटले नाही. जाकीट घालून माणसे वाढत नाहीत.

यंत्रांनी काय केले? अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत औषध आणि रुग्ण यांची गाठ बारकोडने घालण्याची पद्धत रूढ झाली, त्यामागची कल्पना एका परिचारिकेची होती. कॅन्सस राज्यात टोपिका येथे काम करणाऱ्या स्यू किनिक यांनी भाड्याची मोटार परत करताना पाहिले, की तिथला माणूस हातातल्या यंत्राने गाडीवरची पट्टी वाचून क्षणात हिशेब लावतो. मोटारीसाठी जे होते ते माणसासाठी का नाही, असे त्यांच्या मनात आले. १९९० च्या दशकातली ही गोष्ट. पुढे बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात मोजमाप झाले, तेव्हा वेळेच्या चुका सोडून इतर चुकांचे प्रमाण ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आले होते. मोठे यश. पण पूर्ण नव्हे. पट्टी ओली झाली, यंत्राची बॅटरी गेली, रुग्ण झोपलेला आहे, अशा अडचणींतून माणसे आडवाटा काढतात. रुग्णाच्या पट्टीची प्रत दारावर चिकटवतात आणि तीच वाचतात.

आडवाटेची किंमत २०१७ च्या डिसेंबरात टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात दिसली. ७५ वर्षांच्या एका रुग्ण बाईंना तपासणीच्या यंत्रात जाण्याआधी मन शांत करण्याचे औषध, व्हर्सेड, द्यायचे होते. औषधांच्या यांत्रिक कपाटात ते मिडाझोलम या मूळ नावाने होते. परिचारिकेला ते सापडेना. तिने सुरक्षेची पायरी ओलांडणारी कळ दाबली, नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरे टाकली, आणि कपाटाने व्हेक्युरोनियम दिले. ते स्नायू लुळे करणारे औषध आहे. ज्याचा श्वास यंत्रावर नाही त्याला ते दिले की श्वास थांबतो. कुपीच्या टोपणावर तसा इशारा होता. व्हर्सेड द्रवरूप असते, हे पावडर होते, पाणी घालून तयार करावे लागले. तेवढ्या साऱ्या खुणा निसटल्या. औषध दिल्यावर रुग्णाजवळ थांबून श्वासावर लक्ष ठेवले गेले नाही. बाई वाचल्या नाहीत.

परिचारिकेने चूक लगेच कबूल केली. रुग्णालयाने मात्र ही दुर्घटना नियामकांना तेव्हा कळवली नाही. जवळजवळ वर्षभराने एका निनावी माहितीवरून ती उघड झाली. २०२२ मध्ये परिचारिकेला न्यायालयाने मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरवले आणि तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा दिली. तिचा परवाना आधीच गेला होता. तिने अक्षम्य हलगर्जी केली, असे मला वाटते. आणि कपाटाची ती कळ त्या काळात तिथे नेहमी दाबली जात होती, हेही खरे. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी जगभरातल्या किती परिचारिकांनी ठरवले असेल, की आपली चूक आपल्यापाशीच ठेवायची? आत्याच्या सिस्टरना हा खटला माहीत नसेल. गरजही नव्हती.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट कपाटाची नाही, औषध दिल्यावर कुणी थांबले नाही ही आहे. औषध देणे म्हणजे सुई टोचणे, असे आपण समजतो. चांगल्या परिचारिका तसे समजत नाहीत. हृदयासाठी डिगॉक्सिन द्यायचे असेल तर त्या आधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजतात, आणि ती साठच्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवतात. रक्तदाबाची गोळी देण्याआधी रक्तदाब पाहतात. इन्सुलिन देण्याआधी साखर पाहतात, आणि जेवणाची गाडी मजल्यावर आली आहे का तेही पाहतात, कारण सुई साडेबाराला आणि ताट दोनला, या दरम्यान रुग्ण घामाघूम होऊन बेशुद्ध होऊ शकतो. अर्धांगवायूच्या रुग्णाला गोळी देण्याआधी त्याला बसते करून घोटभर पाणी गिळता येते का ते पाहतात, नाहीतर गोळी फुप्फुसाच्या वाटेला लागते.

नाकातून नळी घातलेल्या रुग्णांचा तर वेगळाच प्रकार. गोळ्या कुटून पाण्यात कालवून नळीतून द्यायची रीत सर्रास आहे, घरी नेलेल्या रुग्णांतही. पण नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' असलेली गोळी बारा-चोवीस तास हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळीवरचे आवरण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवण्यासाठी असते. कुटली की ते गेले, आणि औषध पोचण्याआधीच वाया. खलबत्ता उचलण्याआधी फार्मासिस्टला विचारावे, पर्यायी पातळ औषध बहुधा मिळते.

एका निवृत्त इन्चार्ज सिस्टरनी मला सांगितले, की रुग्ण "आज गोळी वेगळी दिसते" म्हणाला, तर त्यांच्या वॉर्डात ती गोळी तिथेच थांबायची. "कंपनी बदलली असेल" असे उत्तर द्यायला त्यांनी मुलींना मनाई केली होती. दहातल्या नऊ वेळा कंपनीच बदललेली असायची, त्याही हसत म्हणाल्या. पण दहाव्या वेळेसाठी ट्रीटमेंट शीट उघडायचीच.

हे सगळे वाचत असताना मी थोरल्या भावाकडे गेलो होतो. त्याला इन्सुलिन सुरू आहे, सुई वहिनी देतात. दोन महिन्यांपासून साखर वाढत होती आणि डॉक्टरांनी सकाळची मात्रा वीसवरून तीसवर नेली होती. मी सहज फ्रिज उघडला. कुपीवर ४० लिहिले होते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. आपल्याकडच्या कुप्या बहुतेक अशाच असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनमधले इन्सुलिन आणि काही कुप्या १०० च्या असतात, त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. वहिनींच्या डब्यात नारिंगी सिरिंज होत्या. लाल संपल्या होत्या, दुकानदाराने "ही सुई बारीक आहे, दुखत नाही" म्हणून दिल्या होत्या.

नारिंगी सिरिंजमध्ये विसाच्या खुणेपर्यंत ४० ची कुपी भरली तर अंगात जातात फक्त आठ युनिट. तीसच्या खुणेपर्यंत भरली तर बारा. भावाला दोन महिने औषध कमी मिळत होते, डॉक्टर आकडा वाढवत होते, आणि सगळे जण पथ्यावरून त्याला बोलत होते. वहिनी लगेच म्हणाल्या, "आज संध्याकाळीच लाल आणते." मी त्यांना थांबवले. लाल सिरिंजमध्ये तीस म्हणजे खरोखरचे तीस, कालच्या अडीच पट. आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोन्ही सिरिंजांचे फोटो मागवले, मात्रा वीसवर आणली आणि आठवडाभर रोज दोनदा साखर तपासून कळवायला सांगितली. मग वहिनींनी विचारले, दुकानदाराला सांगायचे का? आम्ही दोघे जाऊन सांगून आलो.